दोन कॅमेरे, एक फोन, पाच कॅटलॉग: लाइटरूम क्लासिकमध्ये गडांचे फोटो नव्याने कसे लावावेत?

गडवाट

नमस्कार मंडळी.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे २०१४पासूनचे सुमारे ३८,००० फोटो तीन पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेले आहेत. बहुतेक रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल), काही नुसते जेपेग. फोटो लावायला आणि एडिट करायला लाइटरूम क्लासिक वापरतो, लॅपटॉप विंडोजचा. इम्पोर्टची खिडकी उघडायची आणि आहे त्या सेटिंगवर इम्पोर्ट दाबायचं, अशीच आजवरची पद्धत. दर दोन वर्षांनी नवा कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) केल्यामुळे पाच कॅटलॉग झालेत. आता सगळं एका जागी नीट लावायचं आहे. अडतंय ते असं:

१. एक डीएसएलआर, एक मिररलेस आणि फोन, तिन्ही एकाच ट्रेकला असतात. वेळेनुसार लावले की राजगडावर पद्मावती माचीचे फोटो चोर दरवाजाच्या आधी येतात. चढलो मात्र चोर दरवाजानेच.

२. डीएससी_०००१ याच नावाच्या चार वेगवेगळ्या फाइली आहेत.

३. कार्डवर ८२४ फाइली असतात, लाइटरूम ४१२च दाखवतं.

४. हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली की सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्ह येतं.

५. कीवर्ड (फोटो शोधायचे शब्द) मराठीत टाकलेत. 'पायऱ्या' हा कीवर्ड यादीत दोनदा दिसतो आणि दोन्हींखाली वेगळे फोटो आहेत.

६. फोल्डर किल्ल्याच्या नावाने करावेत की तारखेने?

कुठून सुरुवात करू?

नेढं

तुमच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या प्रश्नाचं मूळ एकच आहे. इम्पोर्टच्या एका बटणात चार कामं होतात: फाइल कॉपी होते, तिचं नाव बदलतं, ती तारखेच्या फोल्डरात जाते आणि कॅटलॉगमध्ये तिची नोंद होते. यातली मधली दोन कामं कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबून आहेत. घड्याळ चुकलेलं असेल तर ती चूक नावातही उतरते आणि फोल्डरातही. पुढे वेळ दुरुस्त केलीत तरी नाव आणि फोल्डर आपसूक बदलत नाहीत. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी वेळ, मग नाव, शेवटी फोल्डर.

त्यासाठी डिस्कवर 'आवक' नावाचा एक फोल्डर करा. कार्डावरचं सगळं आधी तिथे उतरेल.

इम्पोर्टच्या खिडकीत वर मधोमध 'कॉपी' निवडा. 'कॉपी ॲज डीएनजी' (रॉचं अडोबीच्या स्वरूपात रूपांतर) नको. वेळ खातं, आणि कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल मग बहुधा उघडत नाही. उजवीकडे 'बिल्ड प्रीव्ह्यूज'ला 'एम्बेडेड अँड साइडकार' ठेवा. कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये आधीच ठेवलेलं जेपेग वापरलं जातं, त्यामुळे निवडानिवड लगेच सुरू करता येते. 'डोन्ट इम्पोर्ट सस्पेक्टेड डुप्लिकेट्स'वर खूण हवीच. लाइटरूम मूळ नाव, फोटो काढल्याची वेळ आणि फाइलचा आकार जुळवून बघतं. दुसऱ्या ॲपमधून सेव्ह होऊन आकार बदललेली प्रत मात्र त्याला नवीच वाटते, एवढं ध्यानात असू द्या. 'मेक अ सेकंड कॉपी टू'मध्ये दुसरी डिस्क दाखवा. 'फाइल रिनेमिंग' बंद. 'डेस्टिनेशन'मध्ये 'इनटू वन फोल्डर' आणि तो फोल्डर 'आवक'.

'अप्लाय ड्युरिंग इम्पोर्ट'मध्ये कॉपीराइटचा मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) प्रीसेट तेवढा लावा. खालची कीवर्डची चौकट रिकामी आहे ना, ते दर वेळी बघा. मागच्या ट्रेकचे कीवर्ड तिथे राहून गेले असतील तर ४१२ तोरण्याचे फोटो 'हरिश्चंद्रगड' होऊन बसतात.

आता वेळ. लाइब्ररी मॉड्यूलमध्ये ग्रिडमध्ये या, म्हणजे 'जी' दाबा. वरच्या फिल्टर पट्टीत 'मेटाडेटा' उघडून एका रकान्यात 'कॅमेरा' ठेवा, म्हणजे एका कॅमेऱ्याचे फोटो वेगळे होतील. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असले तर 'कॅमेरा सीरियल नंबर' घ्या. ते सगळे निवडा. मग ज्या फोटोची खरी वेळ तुम्हाला माहीत आहे त्याच्या चित्रावर क्लिक करा. बाकीच्यांची निवड सुटत नाही, पण हा फोटो जरा जास्त उजळ दिसतो. हाच 'ॲक्टिव्ह' फोटो. आता 'मेटाडेटा' मेन्यूत 'एडिट कॅप्चर टाइम', त्यात पहिला पर्याय, आणि खरी वेळ सेकंदासकट भरा. या फोटोत जेवढा फरक पडला तेवढाच फरक निवडलेल्या सगळ्या फोटोंना लागतो.

इथे दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, एकच फोटो मोठा उघडलेला असताना, म्हणजे लूप व्ह्यूमध्ये, हे केलं तर त्या एकाचीच वेळ बदलते. खालच्या पट्टीत शंभर निवडलेले दिसत असले तरी. दुसरं, ॲक्टिव्ह फोटो भलताच असतो आणि सगळा ट्रेक भलतीकडे सरकतो. असं झालं तर त्याच मेन्यूत 'रिव्हर्ट कॅप्चर टाइम टू ओरिजिनल' आहे.

खरी वेळ कळायची सोपी युक्ती: पायथ्याला निघतानाच फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्या पडद्याचा एकेक फोटो काढा. फोनची वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे ती प्रमाण धरायला हरकत नाही. दोन कॅमेऱ्यांत दोन-अडीच मिनिटांचा फरक असला तरी चोर दरवाजा आणि माचीची अदलाबदल होते, कारण शेवटची चढण तेवढ्याच वेळाची असते.

वेळ जुळली की सगळे निवडून 'एफ२' दाबा आणि नाव बदला. साचा असा ठेवा: वर्ष-महिना-दिवस, खालची रेघ, तास-मिनिट-सेकंद, खालची रेघ, कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक. म्हणजे २०२५०७१२_०६३२१५_०४१२ असं काहीतरी. शेवटचा क्रमांक गाळू नका. बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरल्यावर, एका सेकंदात आठ-दहा फोटो निघतात, त्यांना वेगळं ठेवणारी तेवढीच खूण असते. फाइलच्या नावात आकडे इंग्रजी आणि अक्षरं रोमनच ठेवा. प्रिंटवाल्याचं मशीन, जुना टीव्ही, क्लायंटचा सर्व्हर, सगळीकडे ती चालतात.

तुमच्या चार डीएससी_०००१चं कारणही यातच आहे. कॅमेऱ्यांच्या फाइलींच्या नावाचा जो सर्वमान्य नियम आहे त्यात चार अक्षरं आणि चार आकडे एवढीच जागा असते. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. कॅमेऱ्यात 'फाइल नंबर सीक्वेन्स' बंद असेल तर नवा फोल्डर झाला किंवा कार्ड फॉरमॅट केलं की तेव्हाही ०००१पासून. ते चालू करा, म्हणजे निदान दहा हजारांच्या आत तरी पुनरावृत्ती होणार नाही.

शेवटी फोल्डर. वर्षाचा एक, त्यात ट्रेकचा एक: '२०२५' आणि त्यात '२०२५-०७-१२ राजगड'. दोन दिवसांचा ट्रेक असेल तर निघालो त्या दिवसाची तारीख. महिन्याचे आणि दिवसाचे वेगळे थर नकोत, नुसती खोली वाढते. 'आवक'मधून तिकडे हलवताना लाइटरूमच्याच फोल्डर पॅनेलमधून ओढा. विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवलंत की कॅटलॉगला पत्ता लागत नाही.

८२४ आणि ४१२: कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर आहे. लाइटरूम जोडीतल्या जेपेगला रॉचं शेपूट समजतं आणि जोडी एकच फोटो म्हणून दाखवतं. काही हरवलेलं नाही. नाव बदललं, हलवलं, डिस्कवरून काढलं, तरी जेपेग रॉबरोबरच जातं. जेपेग वेगळे दिसायला हवे असतील तर 'प्रेफरन्सेस'च्या 'जनरल'मध्ये 'ट्रीट जेपेग फाइल्स नेक्स्ट टू रॉ फाइल्स ॲज सेपरेट फोटोज'वर खूण करा आणि जुन्या फोल्डरांवर राइट क्लिक करून 'सिंक्रोनाइझ फोल्डर' चालवा, म्हणजे डिस्कवरच्या पण कॅटलॉगमध्ये नसलेल्या फाइली आत येतील. माझं मत विचाराल तर ती जोडी एकत्रच राहू द्या. तुमचे ३८,००० फोटो उगाच दुप्पट होतील.

कारवी

नेढं यांनी फोल्डरचं सांगितलंच आहे. किल्ल्याच्या नावाचे फोल्डर का नकोत, ते कीवर्डच्या अंगाने सांगते.

राजगडाचा एक फोटो घ्या, सुवेळा माचीवरून घेतलेला, मागे तोरणा. तो राजगडाच्या फोल्डरात जाईल की तोरण्याच्या? तो पुणे जिल्ह्यातही आहे, पावसाळ्यातलाही आहे. राजगड २०२५मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. तोरणा त्या यादीत नाही. फाइल एकाच फोल्डरात राहू शकते, कीवर्ड मात्र कितीही लागतात. तेव्हा कुठला किल्ला, काय दिसतंय, कोणता ऋतू, हे सगळं कीवर्डचं काम.

कीवर्ड उतरंडीत लावा. वरचा 'किल्ले', त्याखाली जिल्हा, त्याखाली किल्ला, त्याखाली माची, दरवाजा, बालेकिल्ला. कीवर्डच्या चौकटीत 'राजगड < पुणे जिल्हा < किल्ले' असं लिहिलं की लाइटरूम उतरंड आपणच तयार करतं. टोकदार बाजू लहानाकडे.

'रायगड' नुसता लिहू नका. किल्लाही रायगड आणि जिल्हाही रायगड. लाइटरूम वेगवेगळ्या पालकाखाली एकाच नावाचे दोन कीवर्ड ठेवू देतं, आणि मग फोटोवर नुसतं 'रायगड' बघून कळत नाही कुठला ते. 'रायगड किल्ला' आणि 'रायगड जिल्हा' असं सरळ लिहा. जुनी नावं 'एडिट कीवर्ड टॅग'मधल्या 'सिनोनिम्स'मध्ये टाका: सिंहगडाला कोंढाणा, तोरण्याला प्रचंडगड, रायगडाला रायरी, राजगडाला मुरुंबदेव. तिथे रोमन लिपीतलं नावही एकदा लिहून ठेवा. 'एक्स्पोर्ट सिनोनिम्स'वर खूण असली की बाहेर पाठवलेल्या फोटोत ही सगळी नावं जातात आणि मराठी न वाचणाऱ्या संपादकालाही फोटो सापडतो.

आता तुमचा 'पायऱ्या'. हा दोष लाइटरूमचा नाही, आपल्या 'ऱ्य'चा आहे. पडद्यावर सारखा दिसणारा हा जोड युनिकोडमध्ये निदान दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' असतो, त्याला हलन्त, मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, मग 'य'. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. फोनवरचा कीबोर्ड एक प्रकार वापरतो, लॅपटॉपवरचा दुसरा, आणि यादीत दोन 'पायऱ्या' उभ्या राहतात. दऱ्या, पाऱ्या, कातळातल्या चऱ्या, सगळ्यांचं हेच. 'ॲ'चंही तसंच: एकसंध 'ॲ' वेगळा आणि 'अ'वर चंद्र दिलेला वेगळा. 'सूर्योदय'मधला रफार मात्र साधा आहे, तिथे हा घोळ होत नाही.

लाइटरूममध्ये दोन कीवर्ड एकत्र करायची आज्ञा नाही. एक दुसऱ्यावर ओढला तर तो त्याच्या पोटात जातो, एकरूप होत नाही. म्हणून असं करा. नको असलेल्या 'पायऱ्या'च्या आकड्याशेजारचा बाण दाबा, त्याचेच फोटो समोर येतील. सगळे निवडा. यादीत हव्या असलेल्या 'पायऱ्या'च्या डावीकडच्या चौकटीत खूण करा. मग दुसरा कीवर्ड डिलीट करा. शेवटी 'मेटाडेटा' मेन्यूतून 'पर्ज अनयूज्ड कीवर्ड्स', म्हणजे रिकामे राहिलेले जातील. यापुढे कीवर्ड टाइप करण्याऐवजी यादीतूनच खूण करत जा आणि नवा कीवर्ड नेहमी एकाच कीबोर्डवरून बनवा.

एक विनंती. घुबडांची, गरुडांची घरटी असलेल्या कड्यांचे फोटो बाहेर टाकताना एक्स्पोर्टच्या खिडकीत 'रिमूव्ह लोकेशन इन्फो'वर खूण करा, आणि नेमक्या जागेच्या कीवर्डचं 'इन्क्लूड ऑन एक्स्पोर्ट' काढून ठेवा. फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश असतात आणि घरट्यापर्यंत माणसं पोचायला तेवढं पुरतं.

गडवाट

दोघांचेही मनापासून आभार. 'पायऱ्या'चं कोडं सुटलं, तपासलं तर तसंच निघालं.

दोन प्रश्न वाढले. मिररलेसचं घड्याळ परदेशी वेळेवर होतं, बरोबर साडेतीन तास पुढे. फोनच्या घड्याळाचा फोटो अर्थातच नाही. 'एडिट कॅप्चर टाइम'मधला तासांचा पर्याय घेतला तर तीन किंवा चारच घेता येतात. दुसरं, सोबत्यांकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो कायम शेवटी किंवा भलत्याच दिवशी जाऊन पडतात. आणि पाच कॅटलॉगचं काय करू?

नेढं

तो दुसरा पर्याय पूर्ण तासांचाच आहे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून भारतातल्या माणसाला तो क्वचितच उपयोगी पडतो. जपानची वेळ लावलेला कॅमेरा साडेतीन तास पुढे, लंडनची हिवाळी वेळ लावलेला साडेपाच तास मागे. नेपाळला गेलात तर फरक पाऊण नाही, अर्धाही नाही, फक्त १५ मिनिटांचा. या सगळ्यांना पहिलाच पर्याय. ॲक्टिव्ह फोटोवर दिसणाऱ्या वेळेतून साडेतीन तास वजा करून ती वेळ भरा, बाकीचे मागोमाग येतील.

मिनिटांचा फरक उरला तर दोन्ही कॅमेऱ्यांत टिपलेला एकच क्षण शोधा. सूर्याची पहिली कड, झेंडा वर चढतानाचा फोटो, किंवा कोणाच्या मनगटावरचं घड्याळ. १०० टक्के मोठं करून बघितलं की मनगटावरचे काटे पुष्कळदा वाचता येतात. फोनचा फोटो असेल तर तोच प्रमाण धरा आणि कॅमेरे त्याला जुळवा, उलट नको.

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि पाठवताना त्यातली एक्झिफ माहितीही (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली वेळ वगैरे) काढून टाकतं. फोटो काढल्याची वेळच नसल्यामुळे लाइटरूमला फाइलच्या तारखेवर जावं लागतं, आणि ती तारीख फाइल तुमच्याकडे कधी आली किंवा कधी कॉपी झाली त्याची. फाइलच्या नावात दिवस असतो, पण तो पाठवण्याचा, आणि तास-मिनिटं त्यात नसतात. असे फोटो ट्रेकच्या फोल्डरात 'इतरांकडून' असा पोटफोल्डर करून ठेवा, वेळेच्या रांगेत बसवायचा आटापिटा करू नका. यापुढे सोबत्यांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते, वेळेसकट.

तुमच्या स्वतःच्या फोनमधलेही फोटो केबलवरून थेट लाइटरूममध्ये घेऊ नका. मधेच जोड तुटतो आणि किती आले किती राहिले कळत नाही. आधी फोनमधला कॅमेऱ्याचा फोल्डर 'आवक'मध्ये कॉपी करा, फाइलींची संख्या जुळवा, मग लाइटरूममध्ये 'ॲड'ने घ्या. 'ॲड' फाइल हलवत नाही, फक्त नोंद करतं. आयफोन असेल तर फोटोंच्या सेटिंगमध्ये मॅक किंवा पीसीकडे पाठवताना 'कीप ओरिजिनल्स' ठेवा.

घाटमाथा

कॅटलॉग आणि डिस्कचं मी सांगतो. घाई करू नका, आणि फोटोंची पूर्ण दुसरी प्रत असल्याशिवाय एकही फाइल हलवू नका.

प्रश्नचिन्ह आधी. विंडोज पोर्टेबल डिस्कला जे मोकळं अक्षर सापडेल ते देतं. आज ई, उद्या एफ. कॅटलॉगमध्ये पत्ता जुन्या अक्षराने लिहिलेला, म्हणून फोल्डर सापडत नाहीत. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, डिस्कवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि वर्णमालेतलं लांबचं अक्षर द्या. तिन्ही डिस्कना पी, क्यू, आर द्या आणि डिस्कवर बाहेरून तीच अक्षरं चिकटवा. आधीच प्रश्नचिन्ह आलेल्या फोल्डरांसाठी सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' आणि नवी जागा दाखवा; आतले सगळे एकदम जुळतात. वरचा फोल्डर पॅनेलमध्ये दिसत नसेल तर 'शो पॅरेंट फोल्डर' करून तो आणा. एकेक फोटो जुळवत बसू नका. आणि प्रश्नचिन्ह बघून पुन्हा इम्पोर्ट तर मुळीच करू नका, कारण मग आधीचं सगळं एडिटिंग जुन्या नोंदीला चिकटून राहतं आणि नवी नोंद कोरी येते.

आता पाच कॅटलॉग. एकच ठेवा. ३८,००० फोटो एका कॅटलॉगला जड नाहीत, आणि पाच कॅटलॉगमध्ये एकदम शोधता येत नाही. आधी पाचही एकेक करून उघडा आणि त्यांची प्रश्नचिन्हं मिटवा. तुटके पत्ते एकत्र केले तर एकत्रच तुटके राहतात. मग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर नवा रिकामा कॅटलॉग करा. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतात, कॅटलॉग मात्र आतच हवा. नेटवर्कवरच्या डिस्कवर तर लाइटरूम तो उघडतही नाही. 'फाइल' मेन्यूत 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग', सगळ्यात जुना आधी. नव्या फोटोंसाठी 'न हलवता कॅटलॉगमध्ये घ्या' अशा अर्थाचा पर्याय निवडा. एकच फोटो दोन कॅटलॉगमध्ये असेल तर 'चेंज्ड एक्झिस्टिंग फोटोज'खाली विचारणा येते. तिथे 'मेटाडेटा अँड डेव्हलप सेटिंग्ज ओन्ली' घ्या आणि 'प्रिझर्व्ह ओल्ड सेटिंग्ज ॲज अ व्हर्च्युअल कॉपी'वर खूण ठेवा, म्हणजे आधीचं एडिटिंग पुसलं जाणार नाही. कालक्रमाने घेतल्यामुळे नवं वर राहतं. प्रत्येक कॅटलॉग आला की फोटोंची संख्या कागदावर लिहा आणि मगच पुढचा घ्या. पाचही मूळ कॅटलॉग निदान सहा महिने जपून ठेवा.

लाइटरूम बंद करताना बॅकअप विचारतं. त्यात फोटो नसतात. फक्त कॅटलॉग. पुष्कळांना हे डिस्क गेल्यावर कळतं. फोटोंची प्रत वेगळी काढायची, आणि एक प्रत घराबाहेर. कॅटलॉगची फाइल हाताने कॉपी करत असाल तर तिच्या शेजारची तशाच नावाची 'डेटा' शेपटीची फाइलही घ्या. आवृत्ती ११पासून मास्किंगचा (फोटोच्या ठरावीक भागापुरत्या एडिटिंगचा) मजकूर तिच्यात असतो. 'प्रीव्ह्यूज'चा मोठा फोल्डर बॅकअपमध्ये नसला तरी चालतो, तो पुन्हा बनतो.

कॅटलॉग सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी' चालू करा. प्रत्येक रॉ शेजारी छोटी एक्सएमपी फाइल तयार होते आणि तिच्यात कीवर्ड, तारे, डेव्हलपची सेटिंग्ज लिहिली जातात. कॅटलॉग बिघडला तरी एवढं वाचतं. कलेक्शन, स्टॅक आणि व्हर्च्युअल कॉपी मात्र तिच्यात जात नाहीत, त्या कॅटलॉगमध्येच राहतात.

कातळशिल्प

लाइटरूमचं भाडं भरायचं नसेल त्यांच्यासाठी थोडं. लावालावीसाठी डिजिकॅम आणि रॉ उजळण्यासाठी डार्कटेबल, दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत. डिजिकॅममध्ये अल्बम म्हणजे डिस्कवरचा खरा फोल्डर, त्यामुळे कॅटलॉग आणि डिस्क यांची फारकत तिथे कमी होते. कीवर्डची उतरंड आहे, चेहरे ओळखणं आहे, वेळ सरकवायची सोय आहे आणि ती तास-मिनिट-सेकंदात सरकते, म्हणजे साडेतीन तासांचा प्रश्नच नाही.

जपायचं ते शेजारच्या एक्सएमपीच्या नावात. लाइटरूम रॉचं शेपूट (नावातलं टिंबापुढचं एक्स्टेन्शन) काढून नाव देतं, डिजिकॅम आणि डार्कटेबल रॉचं शेपूट ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतात. त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा दिसत नाही आणि एका फोटोशेजारी दोन दोन एक्सएमपी जमतात. डिजिकॅमच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये साइडकारचं नाव व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या पद्धतीने ठेवण्याची खूण आहे. लाइटरूममधून कीवर्ड आणायचे असतील तर ती पहिल्याच दिवशी करा. कीवर्ड आणि तारे येतील. लाइटरूममधलं उजळणं तसंच्या तसं येणार नाही, दोन्हींची गणितं वेगळी.

गडवाट

पी, क्यू, आर लावून झाले, प्रश्नचिन्हं गेली. पहिले दोन कॅटलॉग एकत्र आले, संख्या जुळली. एकच राहिलं: पूर्वी 'रिमूव्ह' केलेले खराब फोटो 'सिंक्रोनाइझ फोल्डर' केल्यावर परत आले. ते कायमचे कसे घालवायचे?

नेढं

तुम्ही ते फक्त कॅटलॉगमधून काढले होते, फाइली डिस्कवरच होत्या. सिंक्रोनाइझने त्या पुन्हा उचलल्या. निवड करताना कॅप्स लॉक चालू ठेवा, मग 'पी' (ठेवायचा) किंवा 'एक्स' (नाकारलेला) दाबलं की पुढचा फोटो आपोआप येतो. ट्रेक संपेपर्यंत काहीच डिलीट करू नका. शेवटी फिल्टरमध्ये फक्त 'रिजेक्टेड' लावून सगळे एकदा ग्रिडमध्ये नजरेखालून घाला, आणि मग 'कंट्रोल' अधिक 'बॅकस्पेस'. जी खिडकी येते तिच्यात 'डिलीट फ्रॉम डिस्क' निवडा. शेजारचा 'रिमूव्ह' घेतलात तर पुन्हा हेच होईल.

कार्ड फॉरमॅट करायचं ते त्यानंतर, दोन्ही डिस्कवरच्या फाइलींची संख्या कार्डाशी जुळल्यावर, आणि कॅमेऱ्यातच.